रशीदच्या ओल्या भिंती

सन दोन हजार पंचवीस, चैत्राची सुरुवात. त्या वर्षी पाडवा रविवारी आला आणि ईद लगेच सोमवारी. रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या गुढ्या उतरल्या आणि सोमवारी सकाळी शीरखुर्म्याचे डबे फिरू लागले.

ओल शोधणाऱ्या माणसाकडं किस्से फार जमतात. कारण सोपं आहे. भिंतीला ओल आली की लोक आधी एकमेकांशी भांडतात आणि मग मिस्त्रीला बोलावतात. त्यामुळं भिंत बघायला गेलं की घरही बघायला मिळतं. मी आणि रशीदनं सगळी उमर जोडीनं भिंती केल्या. ऐकलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं आहे तेवढं सांगतो.

आधी कोट म्हणजे काय ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात ऊन वाढलं तशी काही लोकांनी घराला बाहेरून थर्माकोलच्या जाड शीट लावून घ्यायला सुरुवात केली. शीटवर जाळी, जाळीवर गिलावा, वर रंग. साहेब लोक इन्सुलेशन म्हणतात. आम्ही कोट म्हणतो. कोटानं घर थंड राहतं, त्यात खोट नाही. पण कोटात एकदा पाणी शिरलं की लवकर निघत नाही. शिरतं एकीकडं, उतरतं दुसरीकडं आणि डाग दिसतो तिसरीकडंच! तो डाग बघून पाणी कुठून आलं ते सांगायचं, हे आमचं काम.

मी थापीच्या दांड्यानं ठोकून बघतो. भरीव वाजतंय का पोकळ, ते कळतं. रशीद भिंतीला गाल लावतो. डोळे मिटून उभा राहतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री झोपला!

*

ईदच्या दिवशी रशीद डबा घेऊन आला, पण बसला नाही.

"तात्या, हजला निघालोय. पुढच्या महिन्यात."

"बरं झालं."

"निघायच्या आधी सगळ्यांची देणी फेडावी लागतात. कुणाला दुखावलं आसंल त्याची माफी मागावी लागती. तुझ्यापासनं सुरुवात करतो. काय चुकलं आसंल तर माफ कर."

मला असलं बोलणं जमत नाही. मी म्हणालो, "डबा खाली ठेव."

आतून आमची मंडळी ओरडली, "मी न्हाई माफ करायची! माझ्या लग्नातली पितळी परात तुमी पुट्टी कालवायला नेली हुती, रशीदभाऊ."

"वहिनी, त्याला तीस वर्षं झाली."

"व्हय की. अन् कणीक मी रोज मळते."

रशीद खजील झाला. म्हणाला, "मक्केवरनं आणतो परात."

"मक्केवरनं लोक पाणी आणतात. परात आणलेली ऐकली न्हाई कधी!"

हसणं झालं. मग रशीदनं मुद्द्याचं काढलं. त्याला आता नीट दिसत नाही, गाडी चालवता येत नाही. ज्या ज्या भिंतीपाशी त्याच्याकडून कुणी दुखावलं होतं, तिथं तिथं त्याला जायचं होतं. गाडी माझी. त्यानं घरं सांगितली. मी ऐकून घेतलं. तिसगाव त्यात नव्हतं.

"अन् तिसगाव?" मी विचारलं.

त्यानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"ते शेवटी," म्हणाला. "तिथं माफी न्हाई मिळाली तर मी कोणत्या तोंडानं जाऊ, तात्या?"

तिसगावला रशीदच्या शब्दावरून एक झाड पडलं होतं. ते पुढं सांगतो.

*

पहिला नंबर नामदेव रंगाऱ्याचा. तो आमच्याच टोळीतला.

नगरात एका घरी मुलीचा साखरपुडा होता आणि हॉलच्या भिंतीला ओल. रशीद म्हणाला, कोट उघडा, भिंत सुकू द्या, मग रंग. घरमालक म्हणाला, साखरपुडा परवा आहे. नामदेव म्हणाला, "मी करतो." त्यानं ऑइलपेंटचे दोन हात मारले. भिंत आरशासारखी झाली.

साखरपुड्याच्या दिवशी तिला फुगे आले. पापडाएवढे! नवरदेवाचा बाप फोटोसाठी भिंतीला टेकला आणि एक फुगा फुटला. पांढऱ्या सफारीवर मानेपासून कमरेपर्यंत पाणी. फोटोवाल्यानं तेवढ्यात बटण दाबलं.

रशीदनं सगळ्यांदेखत नामदेवला सुनावलं, "तू रंगारी न्हाईस. तू झाकणारा हायेस."

नामदेव वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

आता रशीदनं माफी मागितली तर नामदेव शिडीवरून उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "माफ केलं. पण रशीदभाई, बोलला ते खरं बोलला. त्या दिवसापासनं मी ओल्या भिंतीला ब्रश लावला न्हाई."

"मग चांगलंच झालं की!" मी म्हणालो.

"काय चांगलं? निम्मी गिऱ्हाइकं गेली!"

*

पुढचं घर उपनगरातलं. निवृत्त साहेब आणि त्यांच्या बाई. दोघंच.

त्यांनी आम्हाला बोलावलं ते ऐन वैशाखात. बेडरूमच्या भिंतीला डाग. साहेब म्हणत, हिच्या कुंड्यांचं पाणी. बाई म्हणत, यांच्या एसीचं पाणी. दोघं दारातच भांडत उभे होते.

पावसाळ्यात भिंत ओली झाली तर कारण काहीही असू शकतं. पण वैशाखात भिंत ओली असेल तर ते पाणी आभाळातलं नव्हे, ते घरातलं. रशीदनं गाल लावला. मग एसीच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि म्हणाला, चार दिवसांनी येतो. चार दिवसांनी पिशवी भरलेली आणि डाग फिकट! नळी कोटाला टेकली होती, पाणी आत जात होतं.

"साहेब, हारला तुमी!" रशीद टाळी वाजवून म्हणाला. बाईंनी पेढे वाटले. त्यानंतर म्हणे त्या घरी कुणी पाहुणा आला की बाई साहेबांना विचारत, "सांगा बरं, भिंत कुणी भिजवली?" आणि साहेब गप्प बसत.

आम्ही गेलो तेव्हा बाईंनी दार उघडलं. साहेबांचा फोटो भिंतीवर होता. गेल्या थंडीत गेले.

रशीद फोटोसमोर जाऊन उभा राहिला. "बाई, मी साहेबांची चेष्टा केली हुती. त्यांची माफी मागायला आल्तो."

बाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा केलीत. मी रोज केली."

मग त्या म्हणाल्या, "भिंत बघून जा."

रशीदनं गाल लावला. बराच वेळ. "कोरडी हाय, बाई."

"असणारच. एसी मी लावतच नाही आता."

चहा आम्ही उभ्यानंच घेतला.

*

देवळाली प्रवराला एका ऊसवाल्याचा बंगला. मागच्या भिंतीला डाग, आणि डाग कसे? गोल! एका रांगेत, एका मापाचे, कमरेएवढ्या उंचीला. मी म्हणालो, जाळी खराब लागली. रशीदनं गाल लावला आणि झटकन मागं घेतला.

"तात्या, शेण."

घरमालकाची आई त्या भिंतीला गोवऱ्या थापत होती! घरात गॅस होता, गोठा होता, दुसऱ्या भिंती होत्या. पण म्हातारी म्हणाली, "येवढी गुळगुळीत भिंत जन्मात मिळाली न्हाई. वाया घालवू व्हय?" गोवरी वाळून ओढून काढली की गिलाव्याचा पापुद्रा संगं निघायचा. त्यातून पाणी आत.

रशीद हसून हसून खाली बसला. सुना हसल्या, पोरंटोरं हसली, गडी हसले. म्हातारी आत निघून गेली. पुढं तिनं गोवऱ्या बंद केल्या असं कळलं. रशीदला तेच लागलं होतं. "म्हातारीला एक काम हुतं तात्या. मी हसून बंद पाडलं."

आता ती अंगणात बाजेवर बसली होती. रशीद खाली बसला. माफी मागितली.

"मला कशाला मागतो? भिंत तर मी नासवली," म्हातारी म्हणाली. मग इकडंतिकडं बघून तिनं त्याला जवळ ओढलं. "आता मी शेजारच्या भिंतीला थापते. त्यानं बी कोट घातलाय. पाठीमागनं थापते. सांगू नगं कुणाला."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. गेल्याच महिन्यात त्या शेजाऱ्याचा फोन आला होता. म्हणत होता, मिस्त्री, डाग गोल आहेत!

गाडीवर बसल्यावर मी विचारलं, "आता त्याला काय सांगायचं?"

"हजच्या आधी खोटं बोलू न्हाई," रशीद म्हणाला. "त्याचा फोनच उचलायचा न्हाई."

*

भंडारदरा लांब. मी म्हणालो, फोनवर माग माफी. रशीदला पटलं नाही, पण उन्हाकडं बघून तयार झाला.

तिथल्या एका माणसानं घरातच पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. पाऊस तिथं एवढा की कोट घालणंच धाडस. आम्ही तो घातला, आणि चांगला घातला. पहिल्या पावसात डागच डाग. जाऊन बघतो तर भिंतभर खिळे! काजवे बघायला लोक येतात म्हणून यानं दिव्यांच्या माळा टांगल्या होत्या. वेलकमची पाटी. जेवणाच्या भावाची पाटी. हातात टॉर्च धरलेल्या अस्वलाची पाटी. एकेका खिळ्यातून पाणी आत.

रशीद संतापला. "तुझ्या घरावर पाऊस पडत राहो!" असं बोलून आला. मग आम्हीच जाऊन सगळी भोकं बुजवली.

तर फोन लागला. रशीद म्हणाला, "मी तुला लई वाईट बोललो हुतो. माफ केलं का?" आणि तिकडची रेंज गेली.

"हॅलो? केलं का? हॅलो?"

तीनदा लावला. तीनदा नेमका तिथंच तुटला. रशीद हाताची घडी घालून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं भंडारदरा!

तो माणूस म्हणाला, "मिस्त्री, शाप लागला बरं का तुमचा. तवापासनं दर पावसाळ्यात पाऊस पडतोय!" मिठी मारली, जेवू घातलं. आणि मोठ्या अभिमानानं आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेला.

"बघा, तुमचं ऐकलं. आता पाहुण्यांनासुद्धा ताकीद हाय."

भिंतीवर नवी कोरी पाटी होती: 'येथे खिळा मारू नये.'

चार कोपऱ्यांत चार खिळे मारून ठोकली होती.

रशीदचं तोंड उघडलं. मी त्याला दंडाला धरून स्टँडवर नेलं. परत माफी मागायला एवढ्या लांब मी येणार नव्हतो.

*

राहिलं तिसगाव.

सोनामावशी ऐंशीच्या पुढची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मिलिटरीत. त्यानंच सुट्टीवर आल्यावर आम्हाला गाठून घराला कोट घालून घेतला, म्हाताऱ्या आईला ऊन लागू नये म्हणून. अंगणात पूर्वेच्या भिंतीला लागून एक कडुलिंब होता. मुलगा जन्मला त्या वर्षी मावशीच्या मालकांनी लावलेला. त्याच्याखाली बाज, शेळ्या, पाण्याचा रांजण, येणारेजाणारे, सगळं.

पहिल्याच पावसाळ्यात पूर्वेच्या भिंतीला आतून डाग आला. आम्ही गेलो. गच्चीवर पाणी साचत नव्हतं. टाकी गळत नव्हती. नळ त्या बाजूला नव्हताच. रशीदनं गाल लावला, लिंबाकडं बघितलं. फांद्या वाऱ्यानं भिंतीला घासत होत्या, गिलावा खरवडला होता. गच्चीच्या नळीत पाला अडकला होता. मलाही पटलं. कुणालाही पटलं असतं.

रशीद म्हणाला, "मावशी, लिंब हाय तवर भिंत सुकायची न्हाई."

"फांद्या तोडल्या तर?"

"परत येत्यात."

"दुसरा इलाज न्हाई?"

"न्हाई."

मावशीनं भिंतीकडं बघितलं. घर मुलाच्या पैशाचं होतं. ती म्हणाली, "मग तोडा." आणि आत जाऊन बसली. झाड पडेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात डाग होता तिथंच होता. मावशीनं आम्हाला बोलावलं नाही. तिकडं माल टाकायला गेलेल्या टेम्पोवाल्यानं सांगितलं. रशीदनं जेवणाचा डबा बंद केला तो त्या दिवशी उघडला नाही. नंतर पाथर्डीला काम निघालं तरी तो तिसगाववरून यायला तयार नसे. शेवगाववरून वळसा घालून यायचा. तीन वर्षं तो त्या घराकडं फिरकला नाही.

आता जायचं होतं. उन्हाच्या आधी पोचावं म्हणून अंधारातच गाडी काढली. करंजीचा घाट ओलांडला तेव्हा फटफटलं. तिसगावात शिरलो आणि सूर्य वर आला. मावशीच्या घरासमोर मी गाडी बंद केली.

मावशी गच्चीवर होती. पूर्वेच्या कठड्यापाशी, पदर डोक्यावर, हातात तांब्या. दोन्ही हात वर केले आणि सूर्याला पाणी दिलं. पाण्याची धार कठड्यावर पडली. थोडं पाणी बाहेरच्या अंगानं ओघळलं. बाकीचं कठड्याच्या माथ्यावरून आमच्या बाजूला एक चीर उतरली होती तिच्यात गेलं आणि दिसेनासं झालं. कोटाचं तोंड तिथंच होतं.

रशीदनं माझा खांदा धरला. त्याला नीट दिसत नाही, पण हे दिसलं.

आम्ही ओल बघायला जायचो ती पावसाळ्यात. आणि पोचायचो दहा-अकराला. रोज उगवतीला त्या गच्चीवर काय होतं ते आम्हाला कसं कळणार? गावात प्यायला टँकर यायचा, पण तो तांब्या कधी चुकला नव्हता.

मावशी जिना उतरून खाली आली. आम्हाला बघून थांबली. "रशीद का रं? लई म्हातारा झालास." चहा ठेवला.

रशीदनं आत जाऊन भिंतीला गाल लावला. चैत्र महिना, बाहेर फुफाटा, आणि भिंत ओली. तो परत येऊन बसला. बाहेर लिंबाचा बुडखा होता. त्याला धुमारे फुटले होते, पण शेळ्यांनी ओरबाडून बोटभर ठेवले होते.

"मावशी, हजला चाललोय. तुमची माफी मागायला आलो."

मावशीनं चहा गाळला. बशी पुढं केली.

"भिंतीचं माफ केलं, बाबा. भिंत माझी हाय. लिंब मालकांचा हुता. त्याचं माफ करायला मी कोन?"

रशीदनं मान खाली घातली.

माझ्या तोंडाशी आलं होतं. एका वाक्यात काम होत होतं. मावशी, लिंबाचा दोष नव्हता, रशीदचाही नाही, पाणी तुमच्या तांब्याचं. मी "मावशी" म्हणालोही. रशीदनं माझा गुडघा दाबला. जोरात.

"तात्या, थापी हाय का गाडीला?"

"हाय."

"मावशी, वरची कड फुटलीय. माझं काम कच्चं राहिलं हुतं. तेवढं करून जातो."

गच्चीवर आम्ही दोघंच होतो तेव्हा मी म्हणालो, "का नाही सांगितलंस? सुटला असतास."

"मी सुटलो असतो," रशीद म्हणाला. "म्हातारीला रोज पाणी देताना काय वाटलं असतं?"

मी माल कालवला.

गावातून कडाप्पा आणला. रशीदनं चीर भरली आणि कठड्याच्या माथ्यावर कडाप्पा बसवला, बाहेरच्या अंगाला उतार देऊन. पाणी भिंतीकडं वळू नये म्हणून खालून खाच मारली. जिथं मावशी उभी राहते तिथला तुकडा त्यानं हातभर लांब ठेवला, पन्हळीसारखा. मी म्हणालो, एवढा कशाला? त्यानं ओळंब्याची दोरी खाली सोडली. ओळंबा खाली बरोबर बुडख्यावर टेकला.

मग खाली उतरून बुडख्याभोवती विटांचं जाळीदार कडं रचलं. शेळीचं तोंड आत जाणार नाही असं.

मावशी दारात उभी राहून बघत होती. "आता ह्ये कशाला?"

"विटा उरल्या हुत्या," रशीद म्हणाला.

विटा उरल्या नव्हत्या. त्यानं शेजारून मागून आणल्या होत्या.

*

आठवड्यानं रशीदनं पहाटेच दार वाजवलं. परवा त्याला मुंबईला निघायचं होतं. "तिसगाव," एवढंच म्हणाला. मी गाडी काढली.

पोचलो तेव्हा सूर्य वर येत होता. मावशी गच्चीवर. तिनं तांब्या उचलला, पाणी दिलं. धार कडाप्प्यावर पडली, उतारानं पुढं गेली, पन्हळीच्या टोकावरून सुटली आणि भिंतीला न शिवता खाली विटांच्या कड्यात पडली. कड्यात कोवळी तांबूस पानं होती. वीतभर.

आठवडाभर पाणी देऊन मावशी तशीच मागं फिरत असणार; आज खाली आम्ही दिसलो म्हणून कठड्यावर वाकली. खाली बघत राहिली. मग तिनं हात लांब करून पन्हळीवरून फिरवला, कड्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. रिकाम्या तांब्याकडं बघितलं.

आम्ही खाली उभे होतो. रशीदनं टोपी नीट केली.

मावशी गच्चीवरल्या टाकीपाशी गेली. तांब्या भरून परत आली आणि दुसऱ्यांदा पाणी दिलं. मग जिना उतरून आली. पायरीपायरीला थांबत. रशीदसमोर उभी राहिली.

"रशीद," ती म्हणाली, "मालकांनी माफ केलं. तुला बी, अन् मला बी."